सॉफ्टवेअर मारणे : बंद पडलेल्या फोनला संगणकाने उठवण्याचा मागोवा

फोन सुरू होतो, पडद्यावर कंपनीचं नाव उजळतं आणि तिथेच अडकतं. बटण दाबून धरलं की बंद होतो, पुन्हा तेच नाव, पुन्हा तिथेच. मुंबईचं मनीष मार्केट असो, पुण्यातला पासोड्या विठोबाचा परिसर असो की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं दुकान, काउंटरमागचा माणूस बॅटरी तपासतो, चार्जिंगचा करंट बघतो आणि सांगतो, "हार्डवेअर ओके आहे. सॉफ्टवेअर मारावं लागेल." पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "डेटा जाईल, चालेल ना?"

मग तो फोन पूर्ण बंद करतो, ठरावीक बटणं दाबून धरतो आणि केबल लावतो. फोनचा पडदा काळाच असतो, पण संगणकाला मात्र काहीतरी जोडलं गेल्याचं कळतं. एक पट्टी सरकू लागते आणि काही मिनिटांत फोन पहिल्या दिवसासारखा सुरू होतो. ज्या फोनमधली सगळी व्यवस्था मोडली आहे, त्याने संगणकाला ओ दिली कशी? फोनच्या मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याने ती दिलेली असते. त्याला बूट रॉम म्हणतात. तो पुसता येत नाही, बदलताही येत नाही. बाकीचं सगळं बिघडलं तरी केबलवरून आलेलं थोडं काही ऐकून घेण्याइतका तो जागा असतो.

काउंटरवरच्या या पंधरा-वीस मिनिटांच्या कामामागे दोन जुनी घराणी आहेत. एक आहे पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीचं. दुसरं आहे, अगदी छोट्या प्रोग्रॅमने मोठ्या प्रोग्रॅमला आत ओढून घेण्याच्या युक्तीचं.

पहिल्या घराण्याच्या मुळाशी अक्षरशः विणकाम आहे. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानांच्या संगणकात कायमचा प्रोग्रॅम तारांनी विणलेला असे. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम इथल्या रेथिऑनच्या कारखान्यात स्त्रिया बारीक चुंबकीय कड्यांमधून तांब्याची तार ओवत. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अशा ३६,८६४ शब्दांच्या स्मृतीत चंद्राची वाट साठवलेली होती. एकदा वीण पुरी झाली की आतला एक आकडा बदलायचा तरी ती उसवावी लागे, म्हणून उड्डाणाच्या कितीतरी आधी प्रोग्रॅम गोठवला जाई. यंत्राच्या अंगात मुरलेल्या अशा प्रोग्रॅमला फर्मवेअर हे नाव ॲशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये, एका वेगळ्या संदर्भात, वापरलं. पुढे ते नाव सगळीकडे रूढ झालं.

ही वीण सैल केली इंटेलमधल्या डॉव्ह फ्रोमन यांनी. ते दुसऱ्याच एका चिपमधला दोष शोधत होते. तो शोधताना त्यांच्या लक्षात आलं की, चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या सिलिकॉनच्या बेटावर विद्युतभार अडकवून ठेवता आला तर तो वर्षानुवर्षं तिथेच राहील. त्यातून १९७१ मध्ये ईप्रॉम जन्माला आली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झ काचेची छोटी खिडकी असे. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश काही मिनिटं पाडला की आतलं सगळं पुसलं जाई आणि चिप नव्याने लिहिता येई. उजेडाने चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून खिडकीवर कागदी चिकटपट्टी लावत. जुन्या मदरबोर्डवर अशी चिकटपट्टी लावलेली चिप अनेकांनी पाहिली असेल. दुरुस्ती मात्र कष्टाचीच राहिली. चिप सॉकेटमधून उपटायची, दिव्याखाली ठेवायची, प्रोग्रॅमरमध्ये घालायची, पुन्हा बसवायची.

त्यानंतरचं नाव प्रत्येक फोनधारकाला माहीत असायला हवं, पण ते फार थोड्यांना माहीत आहे. फुजिओ मासुओका. तोशिबामध्ये काम करताना त्यांनी अशी स्मृती घडवली, जिच्यातले मोठाले तुकडे एका झटक्यात विजेनेच पुसता येतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं क्षणात पुसलं जातं म्हणून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी तिला फ्लॅश हे नाव सुचवलं. मासुओका यांनी १९८४ मध्ये ती जगासमोर मांडली आणि १९८७ मध्ये तिची नँड ही आवृत्ती. आपले फोटो, आपले संदेश आणि फोनची संपूर्ण व्यवस्था आज ज्यात राहते ती हीच. फ्लॅशमुळे चिप उपटण्याची गरज संपली. यंत्र जिथे आहे तिथेच, केबलवरून, त्याचा स्वभाव बदलता येऊ लागला. दुकानातलं "फ्लॅश मारणं" थेट इथून आलं आहे.

दुसऱ्या घराण्याची गोष्ट १९७५ मध्ये फार स्पष्ट दिसते. अल्टेअर ८८०० हा संगणक चालू केला की त्याला काहीच येत नसे. समोरच्या पट्टीवरचे खटके वरखाली करून एकेक बाइट हाताने भरावा लागे. पॉल ॲलन हे बिल गेट्स यांच्यासोबत लिहिलेली बेसिक भाषा दाखवायला विमानाने अल्बुकर्कीला निघाले होते. वाटेत त्यांच्या लक्षात आलं की कागदी फितीवरून ही बेसिक संगणकात शिरणार कशी, हे सांगणारा प्रोग्रॅम लिहायचाच राहिला आहे. तो त्यांनी विमानातच कागदावर लिहून काढला. खटक्यांनी हाताने भरायचा तो एवढासा प्रोग्रॅम एकच काम करत असे : फीत वाचायची, स्मृतीत ठेवायची आणि सूत्रं तिच्या हाती द्यायची. आज मेलेल्या फोनला केबल लावली की तेच होतं, फक्त खटक्यांच्या जागी बूट रॉम आहे आणि फितीच्या जागी यूएसबी.

ही दोन घराणी एकत्र आल्यावर एक नवा धोकाही आला. जे केबलवरून लिहिता येतं ते चुकीचंही लिहिलं जाऊ शकतं, आणि लिहिताना वीज गेली तर अर्धवटही राहू शकतं. २६ एप्रिल १९९९ ला हे जगाला दिसलं. सीआयएच नावाच्या व्हायरसने त्या दिवशी असंख्य संगणकांच्या बायोस चिपमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम जिथे असतो त्या चिपमध्ये, कचरा भरला. एरवी व्हायरस पुसला की संगणक बरा होई, इथे मात्र संगणक सुरूच होईना. ज्या मदरबोर्डवर बायोसचा एक छोटा भाग, म्हणजे बूट ब्लॉक, लेखनापासून राखलेला होता, त्यांना फ्लॉपीवरून पुन्हा उभं करता येण्याची आशा तरी होती. ज्यांच्याकडे ती सोय नव्हती, त्यांची चिपच बदलावी लागली. एक छोटा कोपरा कुणालाही, अगदी मालकालासुद्धा, लिहिता येऊ नये असा राखला तरच बाकीचं निर्धास्तपणे बदलता येतं, हे त्यातून पक्कं झालं. फोन बनवणाऱ्यांनी तो कोपरा थेट प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्ये कोरला.

आपल्याकडे हे काम रस्त्यावर आलं नोकियाच्या जमान्यात. ३३१० किंवा ११०० ची बॅटरी काढली की खाली सोनेरी ठिपके दिसत. त्यांवर बारीक पिनांची केबल टेकवायची, केबल एका चौकोनी बॉक्सला, बॉक्स संगणकाला. फर्मवेअरचे दोन मुख्य भाग असत. एमसीयू म्हणजे फोनचा मूळ कारभार आणि पीपीएम म्हणजे भाषांचा गठ्ठा. परदेशातून आलेल्या हँडसेटमध्ये हिंदी दिसत नसेल तर भारतासाठीचं पीपीएम टाकावं लागे. "कॉन्टॅक्ट सर्व्हिस" एवढे दोनच शब्द दाखवून थांबणारा फोन या बॉक्सवर ठेवला जाई आणि बऱ्याचदा उठून बसे. कंपनीचं फिनिक्स हे सॉफ्टवेअर फक्त सर्व्हिस सेंटरसाठी होतं, पण ते बाजारात पोचलंच. महाराष्ट्रातल्या भारनियमनाच्या त्या वर्षांत दुकानात यूपीएस असणं ही चैन नव्हती. पट्टी अर्ध्यावर असताना लाइट गेली तर फोन आधीपेक्षा वाईट अवस्थेत जाई. मग पुन्हा सुरुवातीपासून, जिवंत उरलेल्या त्या कोपऱ्याच्या आधाराने.

ही विद्या कोणत्याही महाविद्यालयाने शिकवली नाही. दहावी-बारावीच्या पुढे न गेलेल्या मुलांनी ती एकमेकांकडून उचलली. कोणत्या मॉडेलला कोणती फाइल, कोणता पिनआउट, कोणतं बटण किती सेकंद, हे सगळं वह्यांमध्ये आणि तोंडी पाठ. मराठीत विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण या मुलांना विसरतो. ही आपली मोठी चूक आहे.

स्मार्टफोन आल्यावर संगणक थेट कंपनीच्या हातचा झाला. २९ जून २००७ ला विक्रीला आलेला पहिला आयफोन आयट्यून्सशी जोडल्याशिवाय सुरूच होत नसे आणि बिघडला तर केबल आणि आयट्यून्सचं चिन्ह दाखवून वाट बघे. त्याच सप्टेंबरमध्ये ॲपलने इशारा दिला की एकाच मोबाइल कंपनीशी बांधणारं कुलूप तोडलेले फोन पुढच्या अपडेटनंतर कायमचे निकामी होऊ शकतात. अपडेट आलं आणि अनेक फोन खरोखरच निकामी झाले. भारतात आयफोन अधिकृतपणे आला ऑगस्ट २००८ मध्ये. त्याआधी अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले फोन इथल्या सिमवर कुलूप तोडूनच चालत. त्यामुळे हा तडाखा इथल्या लोकांनाही परका नव्हता.

अँड्रॉइडच्या दुनियेत प्रत्येक चिपवाल्याची वेगळी रीत झाली. सॅमसंगचा ओडिन हा प्रोग्रॅम सर्व्हिस सेंटरसाठी बनला, बाहेर पडला आणि दुकानादुकानांत पोचला. बेंजामिन डोबेल या विकासकाने त्याला खुला पर्याय लिहिला आणि त्याला नाव दिलं हाइमडाल, नॉर्स पुराणातल्या देवांच्या नगरीचा पहारेकरी. ओडिनमध्ये मुख्य चार रकाने असतात : बीएल म्हणजे बूटलोडर, एपी म्हणजे अँड्रॉइडची मुख्य व्यवस्था, सीपी म्हणजे मोडेम आणि सीएससी म्हणजे देशानुसारच्या मांडण्या. सीएससीची साधी फाइल टाकली तर फोनमधलं सगळं पुसलं जातं. होम सीएससी टाकली तर फोटो, संदेश बहुधा जागेवर राहतात. काउंटरवरचं "डेटा जाईल" हे वाक्य कितीदा या एका रकान्यावर अवलंबून असतं, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. ते सांगितलं पाहिजे.

मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा यांचे स्वस्त फोन घरोघरी आले, त्यांतल्या कितीतरींत मीडियाटेकची चिप होती. तिथे एसपी फ्लॅश टूल आणि स्कॅटर फाइल. ही स्कॅटर फाइल म्हणजे साध्या मजकुरातला नकाशा असतो. स्मृतीत कोणता भाग कुठून सुरू होतो, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. केबल लागताच बूट रॉम क्षणभर थांबून कोणी हाक मारतंय का ते बघतो. हाक आली तर डाउनलोड एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम आत घेतो आणि पुढचं काम त्याच्यावर सोपवतो. क्वालकॉमच्या फोनमध्ये हेच काम संगणकावर दिसणाऱ्या "क्यूडीलोडर ९००८" या नावाच्या पोर्टवरून होतं. फोन एरवी त्या अवस्थेत जायला तयार नसेल तर मागचं झाकण उघडून बोर्डावरचे दोन सूक्ष्म बिंदू चिमट्याने जोडावे लागतात. कारागीर त्याला टेस्ट पॉइंट म्हणतात.

मीडियाटेकच्या त्या टूलमध्ये एक बटण फार घातक होतं : सगळं फॉरमॅट करून मग टाकणं. त्याने फोनमधला एनव्हीरॅम हा भागही पुसला जाई आणि त्यासोबत फोनची ओळख असलेला आयएमईआय क्रमांक. फोन सुरू होई, पण नेटवर्क मिळत नसे. पडद्यावर "इनव्हॅलिड आयएमईआय". हा क्रमांक भारतात साधी बाब राहिलेली नव्हती. खरा आयएमईआय नसलेले हँडसेट नोव्हेंबर २००९ च्या अखेरीपासून नेटवर्कवरून तोडण्याचा आदेश दूरसंचार विभागाने दिला होता. त्याआधी अशा फोनमध्ये अधिकृत केंद्रांवर संगणक जोडून वैध क्रमांक घालून देण्याची मोहीमही निघाली. सामान्य माणसाच्या फोनची ओळख केबलवरून लिहिली जाते, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं. २०१७ च्या नियमांनी आयएमईआयशी छेडछाड हा गुन्हा ठरवला, आणि ते योग्यच झालं. चोरीचे फोन याच वाटेने धुतले जात होते.

या टप्प्यापासून मागोव्याची दिशा बदलते. आतापर्यंत प्रश्न होता लिहिता येईल का. पुढे प्रश्न झाला लिहू देतील का.

ॲपलने २००९ च्या आयफोन ३जीएसपासून प्रत्येक रिस्टोअरला, म्हणजे फोन मूळ अवस्थेत नेण्याला, सर्व्हरची सही लागेल अशी व्यवस्था केली. संगणक फोनचा एकमेव क्रमांक ॲपलकडे पाठवतो, सर्व्हर त्या फोनसाठी आणि त्या आवृत्तीसाठी सही देतो आणि सही मिळाली तरच फोन फाइल स्वीकारतो. नवी आवृत्ती आली की थोड्या काळाने जुनीची सही बंद. फाइल तुमच्या डिस्कवर असते, केबल तुमची, फोनही तुमचाच, तरीही मागची आवृत्ती टाकता येत नाही. जे फ्रीमन यांनी अशा सह्या साठवून ठेवणारा सर्व्हर चालवला. ॲपलने प्रत्येक वेळी बदलणारा आकडा सहीत घालून तो मार्ग अडवला. सप्टेंबर २०१९ मध्ये चेकएम८ नावाची फट उघड झाली, तीही खुद्द बूट रॉममध्ये, ४एसपासून आयफोन टेनपर्यंत. बूट रॉम बदलता येत नसल्यामुळे ती त्या फोनांमध्ये कायमची राहिली. ज्या अढळपणामुळे बूट रॉम फोनला वाचवतो, त्याच अढळपणाने कंपनीचे हात बांधले.

सॅमसंगने २०१३ पासून नॉक्स या आपल्या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज चिपमध्ये घातला. अनधिकृत फर्मवेअर टाकलं की तो कायमचा जळतो आणि त्याची नोंद पुसता येत नाही. शाओमीच्या फोनांचा अनुभव आणखी कडू. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो वर जुनी आवृत्ती टाकणाऱ्या कितीतरी जणांचे फोन पूर्ण मेले, कारण मागे जाण्यावरची नवी बंदी त्यात लागू झाली होती. ते उठवायला क्वालकॉमची ९००८ वाट होती, पण त्या वाटेवर आता कंपनीचं अधिकृत खातं लागत होतं. गावातल्या कारागिराकडे केबल होती, कौशल्य होतं, फाइलही होती. खातं नव्हतं.

यात एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. अँड्रॉइडच्या खुल्या आवृत्तीचा कारभार पाहणारे जाँ-बाप्तिस्त केरू यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ते काम सोडलं. गूगलच्या स्वतःच्या नेक्सस ७ टॅबलेटसाठी मूळ अवस्थेत नेणाऱ्या फॅक्टरी इमेज त्यांना प्रसिद्ध करता येत नव्हत्या, कारण आतल्या ग्राफिक्स चिपचे प्रोग्रॅम चिपवाल्याच्या मालकीचे होते. ग्राफिक्सच्या आधाराअभावी जी व्यवस्था आपल्याच प्रमुख यंत्रावर होम स्क्रीनपर्यंतही पोचत नाही, तिचा कारभार सांभाळण्यात अर्थ काय, अशी त्यांची भूमिका होती. इतक्या मोठ्या जागेवरच्या माणसाने रिस्टोअरच्या फाइलसाठी पद सोडावं, यातच या विषयाचं वजन आहे.

सह्यांची बाजूही खरी आहे. सही नसती तर चोराने फोन पुसून दुसऱ्या दिवशी विकला असता, कुणीही हेरगिरीचा प्रोग्रॅम आत पेरला असता. आज फोनमध्ये बँक आहे, आधार आहे, पेन्शन आहे. कुलूप हवंच. पण आज किल्ली फक्त निर्मात्याकडे आहे आणि मॉडेल जुनं झालं की तो ती वापरायचं थांबवू शकतो. चार वर्षांपूर्वीचा, काच धड असलेला, बॅटरी टिकणारा फोन केवळ एका सहीअभावी भंगारात जावा, हे मला मान्य होत नाही.

संगणकाची गरजही हळूहळू सरते आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ आली आणि आयफोनची संगणकाशी बांधलेली नाळ तुटली. अँड्रॉइड ७ ने २०१६ मध्ये व्यवस्थेच्या दोन प्रती ठेवण्याची रीत आणली. एक बिघडली तर फोन स्वतःच दुसरीवर उठतो. गूगलचं अँड्रॉइड फ्लॅश टूल तर क्रोम ब्राउझरमधूनच पिक्सेलला मूळ अवस्थेत नेतं, त्यासाठी वेगळं फ्लॅशिंग सॉफ्टवेअर बसवावं लागत नाही. २०२४ मध्ये आलेल्या आयफोन १६ ला शेजारी ठेवलेला दुसरा आयफोनच रिस्टोअर करू शकतो. हे सगळं सोयीचं आहे. पण दोन प्रतींची व्यवस्था आणि बिनतारी मदत हे सगळं बिघडल्यावर शेवटी उरतो तो बूट रॉम, आणि त्याच्याशी बोलायला केबल.

कायदा या बाबतीत आता कुठे हलतो आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे की मॉडेलची विक्री संपल्यानंतरही किमान पाच वर्षं त्याला व्यवस्थेचे अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्या पोर्टलवर स्क्रीन आणि बॅटरीइतकंच महत्त्व फर्मवेअरला मिळायला हवं. ज्या दिवशी कंपनी एखाद्या मॉडेलचा आधार थांबवते, त्या दिवशी त्याची शेवटची अधिकृत फाइल, ती टाकण्याचं साधन आणि तिच्यावरची कायमची सही सार्वजनिक करणं बंधनकारक असलं पाहिजे. मालकाची ओळख पटवूनच ती वापरता यावी अशी अटही घालता येईल. तंत्राच्या दृष्टीने यात काही अशक्य नाही.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं. फोन चांगला चालू असतानाच फोटो आणि संपर्कांची प्रत दुसरीकडे ठेवा. सेटिंगमध्ये जाऊन मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि आयएमईआय कागदावर लिहून ठेवा, कारण नावात एका अक्षराचा फरक असलेल्या मॉडेलची फाइलही फोन मारू शकते. कंपनीचं स्वतःचं रिकव्हरीचं साधन मिळत असेल तर आधी ते वापरा. आणि दुकानात गेलात तर "डेटा जाईल" यावर लगेच हो म्हणू नका. डेटा ठेवून सॉफ्टवेअर मारता येईल का, हे आधी विचारा. कितीतरी फोनांत ते करता येतं.